शाहाबादी फरशीवरचं ऑईल का निघत नाही?

लेथवाला, उद्यमबाग
नमस्कार. आमचं हायड्रॉलिक पार्टचं छोटं मशीन शॉप आहे. आत शाहाबादी फरशी, दारात गोकाककडच्या वाळूदगडाची पायरी. सांडतं तेच ऑईल, पाणी तेच बोअरचं, पावडर तीच कपड्यांची. पायरी स्वच्छ होते, फरशी नाही. पोरं घासून दमली. पावडर वाढवू, की ॲसिड मारू?

फरशीवाला, खानापूर
ॲसिड नको ओ! शाहाबादी म्हणजे चुनखडक. फसफसतो, खरबरीत होतो आणि पुढं जास्तच ऑईल पितो.

केमिस्ट्रीच्या बाई, निपाणी
बरोबर. आता पायरीचं सांगते. वाळूदगडात क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी असते, पाण्यात तिच्यावर ऋणभार येतो. पावडरीतला साबण म्हणजे सल्फोनेट. त्याच्या रेणूचं डोकंही ऋणभाराचं, शेपूट १० ते १३ कार्बनची. दगड त्या डोक्याला दूर लोटतो, म्हणून साबण तेलाच्याच कामी येतो. शेपूट तेलात, डोकं पाण्यात. पाणी तेलाच्या कडेखाली शिरतं, पसरलेला थर आकसून मणी होतो आणि सुटतो.

शाहाबादीत कॅल्शियम आहे, बोअरच्या जड पाण्यातही आहे. ते सल्फोनेटला धरून ठेवतं, तेलापर्यंत साबण कमीच पोचतो. जुन्या ऑईलमध्ये तयार झालेली आम्लंही कॅल्शियमला चिकटतात. पावडर वाढवून फार साधत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट या तसल्याच ऋणभाराच्या साबणाचं बघा, लिटरला साधारण २.४ ग्रॅमच्या पुढं जास्तीचे रेणू एकमेकांतच गोळे करून बसतात.

तुम्हाला नॉनआयोनिक साबणद्रव्य हवं. त्याच्या डोक्याला भारच नाही, इथिलिन ऑक्साईडची (ईओ) साखळी असते, म्हणून कॅल्शियम त्याला धरत नाही. केमिकलच्या दुकानात १२-१४ कार्बनच्या शेपटीचं, ७ ते ९ ईओचं मागा. पाणी कोमटच ठेवा, फार तापलं तर द्रावण गढूळ होतं. आणि बेंझाल्कोनियमचं जंतुनाशक त्या पायरीवर कृपा करून वापरू नका! धनभाराचं डोकं क्वार्ट्झला चिकटतं, शेपट्या वर राहतात आणि दगड तेलाला ओढायला लागतो.

लेथवाला, उद्यमबाग
बाई, ९ ईओचं मिळालं. आधी भुशानं ऑईल टिपलं, मग द्रावण टाकून पंधरा मिनिटं ठेवलं. खरंच मणी झाले, डोळ्यांनी बघितले! दुसऱ्या लेथखालचा जुना काळा डाग तेवढा राहिला.

फरशीवाला, खानापूर
तो दगडात मुरलाय. त्याच द्रावणात खडूची भुकटी कालवून जाड लेप द्या, वर प्लॅस्टिक झाका. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढा, लेप पूर्ण वाळू दे, मग खरवडा. दोन-तीनदा करावं लागेल.