उंडोसाठी घर हवं (गोव्यातच)

प्रेषक: ताई, डिचोली
१४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी,

टोरोंटो सोडून डिचोलीला परत आले त्याला चार वर्षं झाली, तरी तिथल्या आपल्या मंडळाच्या मेलच्या यादीतून माझं नाव काढू नका असं मीच सांगून आले होते. आज त्या यादीकडेच मागणं घेऊन आलेय. तुमच्यापैकी पुष्कळांची माणसं अजून गोव्यात आहेत, म्हणून लिहितेय.

एका कुत्र्याला घर हवं आहे. नाव उंडो. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजला की तो कान टवकारून फाटकाशी जातो आणि उंडो, म्हणजे गोल पाव, मिळाल्याशिवाय हलत नाही, त्यावरून हे नाव पडलं. वय साधारण वर्षभराचं, रंग तांबूस, छातीवर पांढरा डाग, उंची माझ्या गुडघ्याला येईल एवढी.

जूनमध्ये, पाऊस नुकता लागला होता तेव्हा, तो मला साखळी गावच्या बसस्टँडजवळ एका गाड्याच्या ताडपत्रीखाली सापडला. डोळे चिपडांनी मिटलेले, नाकातून पिवळा शेंबूड, आणि मी बघत असतानाच त्याला झटका आला. तोंडाला फेस, चारही पाय ताठ. लोक काठ्या घेऊन उभे होते. ‘पिसाळलंय, जवळ जाऊ नका’ म्हणत होते. त्यांना दोष देत नाही, लांबून ते तसंच दिसतं. मिशन रेबीज या संस्थेची माणसं आमच्याकडे वर्षानुवर्षं जाळी घेऊन वाडोवाडी फिरतात, लस टोचली की कुत्र्याच्या अंगावर रंगाचा पट्टा ओढतात. २०२१ मध्ये सरकारनं गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीरही केलं. पण मनातली भीती एवढ्यानं जात नाही, आणि अनोळखी आजारी कुत्र्यापासून लांब राहणं बरोबरच आहे. आम्हीही हातमोजे घालून, जाळी टाकूनच त्याला उचललं आणि डॉक्टरांनी त्याला वेगळं ठेवलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की कुत्रं दहा दिवसांच्या आत जातं. उंडो अकराव्या दिवशी उठून पेज प्यायला.

त्याला झाला होता डिस्टेंपर. गोवराच्या विषाणूच्याच कुळातला विषाणू. आधी छाती आणि पोट धरतो, मग मेंदूत शिरतो. विषाणूवर थेट औषध नाही. सलाईन, बाकीचा संसर्ग आवरायला अँटिबायोटिक आणि शुश्रूषा, एवढंच हाती असतं. लस वेळेवर मिळाली असती तर हे टळलं असतं, पण रस्त्यावरच्या पिल्लाला ती कोण देणार? त्यातच गोचिडतापही निघाला. त्यासाठी अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन चाललं. आता तो संसर्गातून पूर्ण बाहेर आहे, नसबंदी झाली, लसी झाल्या.

मागे राहिल्या त्या तीन गोष्टी. दातांवरचं आवरण जागोजागी उडालंय, ते नुसतं दिसायला वाईट. डावा मागचा पाय सारखा उडतो, झोपेतसुद्धा, भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यासारखा. तो जन्मभर उडणार. त्याचं त्याला काही वाटत नाही, चालतो, थोडा धावतोही. आणि तिसरे झटके. त्यासाठी फेनोबार्बिटोनची गोळी, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, आयुष्यभर. गोळी सुरू केल्यापासून महिन्यातून एखादा झटका येतो, मिनिटभराचा.

माझ्याकडेच का ठेवत नाही, असं विचाराल. माझ्याकडे आधीची पाच आहेत आणि त्याला झटका आला की त्यातली दोन त्याच्यावर तुटून पडतात. कुत्र्यांमध्ये हे होतं. म्हणून तो दिवसभर मागच्या खोलीत एकटा असतो. दार उघडलं की आधी माझ्या पायावर डोकं टेकतो आणि मग बाहेर बघतो. ते मला बघवत नाही.

कुणाच्या आईवडिलांकडे, भावाकडे, मावशीकडे जागा असेल तर कळवा. घर मोठं नको. वेळा पाळणारं माणूस हवं.

तुमची,
ताई


प्रेषक: भाऊ, मिसिसागा
१४ सप्टेंबर

ताई, मेल वाचून आम्ही दोघंही गप्प झालो. गेल्या वर्षी आमची लॅब्रडोर गेली, घर तेव्हापासून सुनं आहे. उंडोला आम्ही घेऊ. विमानाचा, कागदपत्रांचा सगळा खर्च आमचा. डिसेंबरमध्ये कुणीतरी गोव्याहून परत येणारं असेलच, त्यांच्याबरोबर पाठवता येईल. इथे प्राण्यांचे न्यूरॉलॉजिस्टही आहेत. हो म्हणा.


प्रेषक: ताई, डिचोली
१५ सप्टेंबर

भाऊ, तुम्ही दोघं पहिल्या तासात पुढे आलात हे मी विसरणार नाही. पण नाही होणार. २८ सप्टेंबर २०२२ पासून कॅनडानं रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांमधून ‘कमर्शियल’ कुत्री आणायला बंदी घातली आहे आणि त्या यादीत भारत आहे. कमर्शियल म्हणजे फक्त विकायला आणलेली असं नाही, दत्तक द्यायला आणलेलंही त्यातच मोजतात. गोवा रेबीज-नियंत्रित असलं तरी यादी देशाची आहे. स्वतःचं पाळीव कुत्रं मालकानं आणणं वेगळं. पण जाणाऱ्या कुणाच्या तरी नावावर उंडोला चढवायचं आणि तिकडे तुमच्या हवाली करायचं, हे खोटं होईल. पकडलं गेलं तर भोगावं लागेल ते उंडोला.

नियम नसता तरी मी पाठवला नसता. झटके येणारं कुत्रं पिंजऱ्यात घालून वीस-बावीस तास मालाच्या कप्प्यात, मध्ये विमान बदलणं, गोळीची वेळ चुकणार, जवळ ओळखीचं कुणी नाही. त्याच्या काळजीनं मला झोप लागणार नाही.

तुमच्या घरातली ती सुनी जागा तिथल्याच एखाद्या कुत्र्याला द्या. तिथल्या शेल्टरमध्येही म्हातारी, आजारी कुत्री मागे राहून जातातच.


प्रेषक: नाना, ओकव्हिल
१६ सप्टेंबर

ताई, कुणीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारतो, रागावू नकोस. मेंदूला इजा झालेलं, जन्मभर गोळीवर राहणारं जनावर दुसऱ्याच्या दारात द्यायचं, हे त्या जनावरासाठी तरी बरं आहे का? शांतपणे जाऊ देणं जास्त दयेचं नाही का? आमच्या गावी माझ्या वडिलांनी एक गाय अशीच जाऊ दिली होती. ते तेव्हा रडलेले मी पाहिलेत.


प्रेषक: ताई, डिचोली
१६ सप्टेंबर

नाना, रागावण्यासारखं काहीच नाही. जूनमध्ये हाच प्रश्न मी डॉक्टरांना तीनदा विचारला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, त्याच्या ताटलीकडे बघा. ताटली चाटून साफ होती.

झटका मिनिटभराचा. त्यात तो शुद्धीवर नसतो, आपल्यालाच ते बघवत नाही. उरलेला महिना तो खातो, उन्हात लोळतो, माझ्या चपलेवर झोपतो. झटके एकामागून एक यायला लागले, गोळ्यांनी आवरेनासे झाले, तर तुम्ही म्हणता ते मीच करीन आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर असेल. आज ती वेळ नाही. आज त्याच्याजवळ नाही ते फक्त घर.


प्रेषक: म्हार्दोळची लेक, ब्रॅम्प्टन
१८ सप्टेंबर

ताई, चार दिवस विचार करून लिहितेय. माझे आईबाबा म्हार्दोळला दोघंच असतात. घर जुनं, मध्ये राजांगण म्हणजे उघडा चौक, मागे कुळागर म्हणजे सुपारीची बाग. बाबांना मधुमेह, आईला थायरॉइड. पूर्वी कुत्री होती, शेवटची गेल्यावर आई म्हणाली आता पुरे. काल फोनवर मी सहज उंडोचं सांगितलं. आईनं मध्येच विचारलं, ‘सात म्हणजे बरोबर सात, की मागेपुढे चालतं?’ तेव्हापासून मला वाटतंय की विचारून बघावं.

पण मला भीती वाटते. आई सत्तरीची. त्यानं ओढलं आणि ती पडली तर? रात्री झटका आला तर? खर्च किती? घरात मांजर आहे. आणि खरं सांगू, तो लवकर गेला तर त्या दोघांचं काय होईल? मी इतक्या लांब.


प्रेषक: ताई, डिचोली
१८ सप्टेंबर

अगं, तू विचारलेलं सगळं मीच तुला विचारायला हवं होतं.

ओढायचं म्हणशील तर तो ओढत नाही. उडणाऱ्या पायामुळे सावकाशच चालतो. तरी पहिले दोन महिने पट्टा बाबांच्या हातात, आणि गळ्याऐवजी छातीचा पट्टा. मांजराचं भेटीतच कळेल, माझ्या मांजरीला तो घाबरतो. गोळी महाग नाही, पण चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात नसते, म्हणून एक महिन्याची नेहमी हाताशी ठेवायची. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, औषध रक्तात किती आहे आणि यकृत कसं आहे ते बघायला. तो तपासणीचा खर्च मी करीन, त्यावर वाद नको. गोळी मनानं कधीही बंद करायची नाही, ‘आता बरा दिसतो’ म्हणून तर नाहीच. अचानक बंद केली तर जोराचे झटके येतात. भूक आणि तहान या औषधानं वाढते. तो उपाशी असल्यासारखा बघेल, आईला सांग फसू नको.

झटका आला की काय करायचं ते आईला वाचून दाखव. पहिलं, घड्याळ बघायचं. दुसरं, जवळचं फर्निचर बाजूला सारायचं, दिवा मालवायचा, पंखा लावायचा, मोठ्यानं बोलायचं नाही. तोंडात हात, चमचा, पाणी काही घालायचं नाही. जीभ गिळली जात नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. आपल्याकडे हे हमखास करतात, उपयोग शून्य, आणि कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर विषच. शुद्धीवर आल्यावर थोडा वेळ त्याला नीट दिसत नाही, भिंतीला धडकतो, तेव्हा अंगावर हात टाकायचा नाही, लांबून नावानं हाक मारायची. पाच मिनिटांच्या वर गेला किंवा एका दिवसात दोन-तीन आले तर मात्र थेट डॉक्टर, कितीही वाजलेले असोत. झटका थांबवायला गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम डॉक्टरांनी लिहून दिलंय, ते कसं द्यायचं हे मी दोघांच्या हातून करवून घेईन.

शेवटच्या प्रश्नाचं काय सांगू? तो लवकर जाऊ शकतो. आईला हे मी स्वतः सांगीन, तिच्यापासून लपवून मी कुत्रं देणार नाही.

इतक्या मेल आल्या, त्यातल्या बऱ्याच तरुण जोडप्यांच्या, प्रेमानं लिहिलेल्या. पण दोघंही नोकरीवर, शनिवार-रविवार बाहेरगावी. उंडोला उत्साही माणसं नकोत. ज्यांचा दिवस आधीच गोळ्यांच्या डबीवर चालतो अशी माणसं हवीत. तुझ्या आईच्या त्या एका प्रश्नावरून माझं मन तिकडे वळलंय.

रविवारी त्याला घेऊन जाते. ठेवून येणार नाही, नुसती भेट.


प्रेषक: म्हार्दोळची लेक, ब्रॅम्प्टन
२४ सप्टेंबर

मंडळी, रविवारची हकीकत. ताई आल्या, उंडो राजांगणात तुळशीभोवती दोन फेऱ्या मारून बाबांच्या आरामखुर्चीखाली जाऊन बसला. मांजर वर कठड्यावर, हा खाली, दोघांनी एकमेकांना बघून न बघितल्यासारखं केलं. आईनं ताईंना चहा दिला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग स्वतःच्या गोळ्यांच्या डबीचा रविवारचा कप्पा उघडून म्हणाली, ‘यात त्याची बसेल की वेगळी डबी आणू?’ ताई म्हणाल्या, वेगळी आणा, चुकून तुम्ही घ्याल.

बाबांनी अजून होकार दिलेला नाही. पण काल फोनवर त्यांनी मला विचारलं, ‘तो उंडोच खातो, की पोळी पण चालते?’ पोदेराकडची पोळी म्हणजे कोंड्याचा पाव, मंडळी, आपली नव्हे.


प्रेषक: ताई, डिचोली
३० सप्टेंबर

आज उंडोला म्हार्दोळला पोचवलं. पंधरा दिवस झेपलं नाही तर कधीही, अर्ध्या रात्रीसुद्धा, मी परत आणीन असं लिहूनच दिलंय. परत येताना गाडीत मागची चादर तशीच ठेवली.


प्रेषक: म्हार्दोळची लेक, ब्रॅम्प्टन
४ नोव्हेंबर

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय.

ऑक्टोबरमध्ये एकच झटका आला, पहाटे. आईनं घड्याळ बघितलं, पन्नास सेकंद. बाबांनी दिवा मालवला. नंतर दोघंही झोपले नाहीत, पण मला फोन सकाळी केला, घाबरवू नये म्हणून.

सगळ्यात मोठी काळजी नरकासुराच्या रात्रीची, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीची होती. पुतळे फिरतात, मोठमोठे स्पीकर, पहाटेपर्यंत फटाके. ताईंनी आधीच डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. त्या रात्री आईबाबा उंडोला घेऊन मधल्या खोलीत झोपले, खिडक्यांना गोधड्या बांधून, पंखा पूर्ण वेगात, रेडिओ चालू. बाबांना ज्याच्या त्याच्या अंगणात जाऊन नरकासुर बघायची लहानपणापासूनची हौस. यंदा ते गेले नाहीत. आईनं जा म्हटलं तरी गेले नाहीत. पहाटे अभ्यंगस्नानाला उठले तेव्हा उंडो त्यांच्या पायांशी झोपला होता आणि त्याचा पाय नेहमीसारखा उडत होता.

भाऊंनी इथल्या शेल्टरमधून एक अकरा वर्षांची आंधळी बीगल आणली आहे, ते लिहितीलच.

मी रोज रात्री साडेनऊला घरी फोन करते, तेव्हा तिकडे सकाळचे सात वाजलेले असतात. आई फोन उचलते, ‘थांब’ म्हणते, पावाच्या तुकड्यात गोळी दाबल्याचं ऐकू येतं, मग बोलते. काल इथे हिवाळी वेळ लागली, आमची घड्याळं तासभर मागे गेली. मी विसरले आणि साडेनऊलाच फोन केला. आई म्हणाली, ‘आज उशीर केलास, त्याचं कधीच झालं.’