एमएस (जनरल सर्जरी) झालं की झालं, मग ब्रेस्ट कॅन्सरच्या सर्जरीची वर्षभराची फेलोशिप कशाला?

निळा_डाय (धागाकर्ती)
शेजारच्या धाग्यावर जुनाखोड यांचा प्रतिसाद: "जनरल सर्जरी झाली की स्तन काढता येतोच. ब्रेस्टची फेलोशिप म्हणजे वर्षभर स्वस्तात राबवून घ्यायची सोय आणि पाटीवर एक ओळ जास्त." दुर्लक्ष करणार होते, पण खाली वाहवा करणाऱ्यांची रांग बघून राहवलं नाही.

"काढता येतोच" इथेच सगळं घोडं अडलंय. ती १८९० च्या दशकातली परीक्षा झाली. हालस्टेड या अमेरिकन सर्जनने तेव्हा स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतलं सगळं एकगठ्ठा काढायची पद्धत रूढ केली आणि पाऊणशे वर्षं ती कुणी हलवली नाही. मग अमेरिकेत फिशर आणि मिलानमध्ये व्हेरोनेसी या सर्जननी पेशंटचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. दोघांचेही २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले: गाठ काढून रेडिएशन दिलं काय, पूर्ण स्तन काढला काय, जगण्यात फरक नाही. म्हणजे आता कौशल्य लागतं ते राखायला. आणि एमएसच्या रेसिडेन्सीत हर्निया, अपेंडिक्स आणि रात्री फुटून आलेली आतडी यातून उरलेल्या वेळात किती ब्रेस्ट वाट्याला येतात, ते इथल्या सर्जन मंडळींनी स्वतःचं लॉगबुक काढून बघावं.

काखेचंच घ्या. स्तनातला कॅन्सर पसरताना काखेतल्या ज्या लसिकागाठीत सगळ्यात आधी पोचतो ती सेंटिनल; तीच काढून तपासायची. स्तनात निळा डाय टोचायचा, चोळायचा, थांबायचं, मग छोटा छेद घेऊन दोऱ्याएवढी निळी वाहिनी शोधत सेंटिनल गाठीपर्यंत जायचं. वाहिनी ओढली गेली आणि तुटली की डाय सांडतो, ऑपरेशनची सगळी जागा निळी होते आणि मग शोधा म्हणावं. रेडिओआयसोटोप वापरला असेल तर रेडिएशन मोजणारा प्रोब ओरडतो तिकडे जायचं, आणि सगळ्यात 'गरम' गाठीच्या १०% च्या खाली मोजणी येईपर्यंत थांबायचं नाही. केमो आधी दिली असेल तर आणखी अवघड. काखेत आधी रोग होता अशा पेशंटवरच्या झेड१०७१ नावाच्या क्लिनिकल चाचणीत केमोनंतरच्या सेंटिनलने १२.६% वेळा उरलेला रोग चुकवला होता. तीनपेक्षा कमी गाठी मिळाल्या तर काय, केमोआधी खुणेची क्लिप लावलेली गाठ सापडलीच नाही तर काय, हे निर्णय 'येतोच' या खात्यात बसत नाहीत.

जुनाखोड
बाई, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी काखा साफ करतोय. मज्जातंतू कुठे असतात ते मला प्रोबने सांगावं लागत नाही.
आणि मुद्दा वेगळाच होता. जिथे फेलोशिपवाला नाही तिथल्या बाईने गाठ घेऊन बसून राहायचं का? तुमचं हे सर्टिफिकेटचं सोवळं वाढत गेलं तर उद्या साधी गाठ काढायलाही आम्हाला मनाई होईल. फेलोंचं म्हणाल तर मी पाहिलेत. सहा महिने रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरतात, सहा महिने बॉसचे पेपर लिहितात.

खांदेपालट
मी फिजिओ. साफ केलेल्या काखा नंतर माझ्याकडे येतात.
पूर्ण काख, म्हणजे काखेतल्या सगळ्या गाठी, काढलेल्यांत साधारण पाचातल्या एकीचा हात सुजतो, सेंटिनलवर भागलेल्यांत शंभरात पाच-सहा जणींचा. सूज आली की ती आयुष्यभराची सोबत. मागे एक बाई आल्या, हात भिंतीला टेकवून ढकला म्हटलं तर खवाटा पंखासारखा बाहेर. खवाटा धरून ठेवणाऱ्या स्नायूचा मज्जातंतू, लाँग थोरॅसिक नर्व्ह, गेलेली. त्यांना सांगितलं होतं, "व्यायाम करत नाही म्हणून." आणि व्यायामाचा कागद ऑपरेशननंतर महिन्याभराने दिला होता! फेलोशिपमध्ये काहीही शिकवा, फिजिओकडे पहिल्या आठवड्यात पाठवायला शिकवा. मी हे प्रत्येक धाग्यावर लिहितो, लिहीत राहणार.

शंकासुर
धागाकर्ती, पुरावा द्या. फेलोशिप केलेल्याच्या हातून पेशंट जास्त जगतात, असा.

निळा_डाय
१९९६, बीएमजे (ब्रिटिश मेडिकल जर्नल), पश्चिम स्कॉटलंडचा अभ्यास. स्पेशालिस्ट सर्जनकडे गेलेल्या बायकांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९% नी जास्त.

शंकासुर
तो मी वाचलाय, म्हणून तर विचारलं. त्यात 'स्पेशालिस्ट' ठरवताना फेलोशिप बघितलीच नव्हती. वेगळं ब्रेस्ट क्लिनिक चालवतो का, पॅथॉलॉजिस्ट आणि ऑन्कॉलॉजिस्टबरोबर बसतो का, चाचण्यांत भाग घेतो का, पेशंटच्या नोंदी वेगळ्या ठेवतो का, हे बघितलं. जुनाखोडही यात बसू शकतात, मनात आणलं तर. युसोमा या युरोपातल्या ब्रेस्ट कॅन्सर तज्ज्ञांच्या संस्थेचा निकषही सर्जनने वर्षाला निदान ५० नव्या केसेस कराव्यात असा आहे. ५० केसेस आणि चांगला ट्यूमर बोर्ड (सगळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून केस ठरवायची बैठक) असेल तर फेलोशिपचा कागद फ्रेममध्येच शोभतो.

निळा_डाय
बरं, कागद नका मानू. पण पहिल्या ५० केसेस कुणाच्या नजरेखाली करायच्या, ते सांगा. ती नजर म्हणजेच फेलोशिप.

सरळरेघ
मी पेशंट. छातीवर आडवी सरळ रेघ आहे, नाव त्यावरून.
'नजरेखाली' वरून आठवलं. नाव ऐकून सर्जन निवडले. त्यांनी तपासलं, त्यांनी समजावलं, सही त्यांच्यासमोर केली. घरी आल्यावर ऑपरेशन नोट वाचली, तर सर्जनच्या रकान्यात भलतंच नाव. फेलो. मोठ्या डॉक्टरांपुढे लिहिलंय 'देखरेख'. ऑपरेशन उत्तम झालं, हातही सुजला नाही. पण मला आधी कुणी सांगितलं? कुणीही नाही. राउंडला ती मुलगी यायची, ड्रेन बघायची, माझ्याशी तासभर बोलायची. तिनेही नाही सांगितलं.

जुनाखोड
घ्या! मी काय म्हणत होतो? पेशंट बॉसचा, सुरी फेलोची.

निळा_डाय
ताई, तुम्हाला सांगायला हवं होतं, यात वाद नाही. पण फेलोला ऑपरेशन करू दिलं नाही तर जुनाखोड म्हणतात तसा त्याने रिट्रॅक्टरच धरायचा. दोन्ही बाजूंनी शिव्या कशा द्यायच्या तेवढं ठरवून घ्या.

शंकासुर
दोन्हीची गाठ घालू नका. फेलोने करणं वेगळं, लपवणं वेगळं. "टीममधील डॉक्टर शस्त्रक्रिया करतील" असं बारीक अक्षरात छापलं की संमती होत नाही.

निळा_डाय
मी फेलो असताना आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगायचे: उद्या मी करणार आहे, सर शेजारी उभे असतील. काही जणी नाही म्हणाल्या. त्या केसेस गेल्या हातातून, गेल्या. सगळे असं करत नाहीत हे माहीत आहे. भूलतज्ज्ञाचं नावही पेशंटला कुठे माहीत असतं, त्याबद्दल कुणी धागा काढत नाही.

सरळरेघ
भूलतज्ज्ञाचा विषय काढून पळू नका. शरीर माझं होतं.

जुनाखोड
म्हणूनच अनुभवी जनरल सर्जन बरा. जो सही घेतो तोच कापतो.

सरळरेघ
आणि तुम्ही कुणाच्या अंगावर शिकलात, काका? तुमच्या पहिल्या सेंटिनलला शेजारी कोण उभं होतं?

जुनाखोड
काका कोणाला म्हणता? आमच्या वेळी शेजारी उभं राहायला कुणी नव्हतं. परिषदेत व्हिडिओ बघितला, पुढच्या आठवड्यात केली. मिळाली गाठ.

खांदेपालट
व्हिडिओ बघून???

निळा_डाय
मिळाली, पण तीच सेंटिनल होती हे कशावरून? नवशिक्याने पहिल्या वीस-तीस केसेसमध्ये सेंटिनल शोधून वर पूर्ण काखही काढायची, म्हणजे चुकलं का ते कळतं, असा दंडक होता. तुम्ही काढलीत का?

जुनाखोड
(संपादकांनी काढला: वैयक्तिक टीका)

टाकाधागा
प्लास्टिक सर्जनचं दुःखही ऐका. एक वर्षाच्या फेलोशिपनंतर प्रत्येक ब्रेस्ट सर्जन 'ऑन्कोप्लास्टिक' होतो, म्हणजे कॅन्सरही काढतो आणि स्तनाला आकारही देतो. आजूबाजूच्या ऊतींनी खळगा भरणं ठीक, खुशाल करा. पण पोटाचा फ्लॅप (तिथून काढलेला ऊतींचा तुकडा) मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडून बसवणं हे वीकेंडच्या कार्यशाळेत येत नाही. ब्रिटनमध्ये २००२ पासून ऑन्कोप्लास्टिकच्या जागांवर जनरल आणि प्लास्टिक दोन्हीकडचे घेतात, एकमेकांचं काम शिकतात. ते जमत नसेल तर निदान फोन तरी करा. सरळरेघ ताईंना स्तनाच्या पुनर्रचनेबद्दल ऑपरेशनआधी कुणी विचारलं होतं का?

सरळरेघ
नाही. विचारलं असतं तरी मी नकोच म्हटलं असतं. पण माझा प्रश्न तो नाही.

जुनाखोड
आधीच्या प्रतिसादाची भाषा मागे घेतो, मुद्दा नाही. सेंटिनलपुरतं मान्य, ते कुणाकडे तरी बसून शिकावं. २०११ च्या झेड००११ चाचणीनंतर, स्तन राखून रेडिएशन देणार असतील तर एक-दोन बाधित गाठींसाठी मीही पूर्ण काख काढत नाही. पण त्याला वर्ष कशाला? तीन महिने पुरेत.

निळा_डाय
काल शून्य होते, आज तीन महिने. आणखी एक धागा काढते, वर्ष पूर्ण होईल.

शंकासुर
आणि तेही ओपीडी, अल्ट्रासाउंड, ट्यूमर बोर्ड धरून असेल तर मी तीन महिन्यांनाही गप्प बसेन. नुसती ओटी (ऑपरेशन थिएटर) असेल तर नाही.

सरळरेघ
सगळ्यांचं मिटलेलं दिसतंय. मग सांगा: संमतीच्या फॉर्मवर फेलोचं नाव येणार की नाही?

टाकाधागा
आलं पाहिजे. आणि त्याच फॉर्मवर, पुनर्रचना करणारा प्लास्टिक सर्जन आहे की नाही, हेही.