गुलदार बुडवायच्या आधी देवबागच्या विहिरी बघा

धुरीवाडा
नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' युद्धनौका आपल्या सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ समुद्राच्या तळाशी ठेवायची आणि पर्यटकांना खाली नेऊन दाखवायची, असा प्रकल्प आहे. खर्च ४६ कोटींच्या वर. त्याआधी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवरायांचा पुतळा झाला. तो डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला आणि मे २०२५ मध्ये तिथेच त्याहून मोठा उभारला गेला. चिपीचं विमानतळ तर २०२१ पासून आहे. माणसं आणायची तयारी जोरात चाललीय.

माझं म्हणणं एवढंच, की आलेल्या माणसाला पाणी कुठून देणार आणि त्याची घाण कुठे सोडणार हे ठरल्याशिवाय नवं आकर्षण उभारू नका. मालवणला पाणी येतं धामापूरच्या तलावातून. तो तलाव १५३० सालचा, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, आपण सगळ्यांनी फोटो टाकले. त्याच तलावावर आज शहर चालतं आणि हॉटेलंही चालतात. भुयारी गटाराची चर्चा तर मी शिकवायला लागलो तेव्हापासून ऐकतोय. दिवाळीच्या सुट्टीत भरतीची वेळ टळली, की किनाऱ्यावर व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी वाळूतून काळा पट्टा उतरताना दिसतो. त्याच पाण्यात पोरं डुंबत असतात.

खोलपाणी
सर, नाव लिहीत नाही, पण तुमच्या वर्गात बसलोय. तुम्ही बोलताय ते खोटं नाही, तरी तुमच्या मागणीच्या मी विरोधात आहे.

बारावीनंतर मी मुंबईला गेलो, सहा वर्षं गोदामात माल मोजला. परत आलो तो स्कुबामुळे, म्हणजे पर्यटकांना हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली नेण्याच्या धंद्यामुळे. आमच्या वाडीत आज कुणी बोट चालवतो, कुणी सिलिंडर भरतो, कुणाची आई डायव्हिंगहून आलेल्यांना घावणे घालते. हे पर्यटनाशिवाय झालं नसतं.

आता जहाजाचं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, क्षेत्र २९ चौरस किलोमीटर. त्याच्या गाभ्यातच, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या प्रवाळावर, आम्ही सगळे रोज माणसं उतरवतो. नवखा माणूस घाबरला की पाय खाली टेकतो. टेकला की प्रवाळ मोडतं. मोडलेला तुकडा पांढरा पडलेला मी स्वतः हातात घेतलाय, बोटभर वाढायला त्याला कित्येक वर्षं लागलेली असतात. नांगर पडला तर त्याहून वाईट. ही गर्दी लोखंडाच्या जहाजावर गेली तर पाय लोखंडावर टेकेल. गोव्यात ग्रँड आयलंडजवळ जुन्या बुडालेल्या जहाजावर लोक वर्षानुवर्षं उतरतायत, आमच्याकडचे शिकलेले पोरगेही तिकडे नोकरीला जातात. ते इथेच का थांबू नयेत?

रापणकर
जहाज खाली गेला म्हणजे मासो आमचो झालो, असा होणा नाय.

मासे जमतील, हे मान्य. बुडालेल्या लोखंडाला शेवाळ धरतं, कालवं धरतात, त्यामागून छोटा मासा येतो, त्यामागून मोठा. पण जमलेला मासा रात्री कोण नेणार? पर्ससीनवर, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध घालणारा आदेश फेब्रुवारी २०१६ चा आहे. एलईडी दिवे लावून मासेमारीला बंदी आहे. तरी रात्री किनाऱ्यावरून उजेड दिसतो. ज्या जागी मासा खात्रीने सापडतो, तिथे हे एलईडीवाले पहिले जाणार. आमची जाळी मात्र जहाजाला अडकून फाटणार, म्हणून आम्हालाच लांब राहायला सांगणार. त्या जागेची राखण कोण करणार, हे कागदावर कुठे आहे?

देवबागची सून
धुरीवाड्याच्या सरांनी शीर्षकात आमचं गाव घेतलं म्हणून लिहितेय.

आमच्या एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. काही ठिकाणी या पाण्यावरून त्या पाण्यावर दोन मिनिटांत चालत जाता येतं. त्यामुळे गोडं पाणी म्हणजे वाळूत मुरलेला पाऊस, बस. मे महिन्यात विहीर मचूळ होते. मागच्या मे मध्ये आमच्याकडे पुण्याचं कुटुंब होतं. त्यांच्या मुलीच्या केसांना आईने शाम्पू लावला, फेसच येईना. दुसरी पुडी फोडली, तिसरी फोडली. मुलगी रडायला लागली. शेवटी मी प्यायच्या पाण्याचा जार नेऊन तिच्या डोक्यावर ओतला. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

आमच्या न्याहारी निवासाचं कर्ज आहे, पाहुणे यायचे थांबले तर आम्ही बुडू. पर्यटन नको असं मी कसं म्हणेन? पण पावसात घरामागचे माड समुद्र घेतो. बंधाऱ्याचे दगड वाळूत रुततात, पुढच्या वर्षी परत दगड. आकर्षण बघायला येणारा माणूस झोपणार माझ्याच घरात ना?

खोलपाणी
वहिनी, पाण्याचं शंभर टक्के पटलं. पण एक लक्षात घ्या. जहाजाचा पैसा केंद्राच्या पर्यटनासाठीच्या निधीतला आहे. आपण नको म्हटलं तर तो देवबागच्या विहिरीत येणार नाही, दुसऱ्या राज्यात जाईल. सर, हे तुम्ही लेखात धरलेलंच नाही.

धुरीवाडा
नाही धरलं, चूक झाली. निधी दुसरीकडे वळवता येत नाही, मान्य.

मग अट घालू. राजकोटचा पहिला पुतळा पडल्यावर गंजलेल्या नट-बोल्टांच्या बातम्या आल्या. खारा वारा लोखंडाचं काय करतो हे इथल्या प्रत्येक बोटवाल्याला ठाऊक आहे, दर पावसाळ्यात तो इंजिन उतरवून घरात ठेवतो. उद्घाटनाला पैसा असतो, दुसऱ्या वर्षीच्या देखभालीला नसतो. म्हणून जहाजावर उतरणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक रक्कम बाजूला काढा. तिच्यातून पाणी, राखणीची बोट आणि सुरक्षा. मे २०२२ मध्ये तारकर्लीत स्कुबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, ते मी विसरू शकत नाही. ही रक्कम पहिल्या तिकिटापासून लागू हवी.

पुण्याहून दरवर्षी
आम्ही येतो ते सुरमईसाठी आणि शांततेसाठी. माणशी शंभर रुपये जास्त गेले तर कुणी परत जाणार नाही. पैसा कुठे गेला त्याचा फलक जेटीवर लावा म्हणजे झालं.

खोलपाणी
शंभर जास्त होतील, किनाऱ्यावर आधीच दरावरून ओढाताण आहे. एक जण दर पाडतो, मग सगळे पाडतात आणि पाण्याखालचा वेळ कमी होतो. पन्नास मी आजपासून काढून ठेवतो. पण रापणकर दादा, राखणीच्या बोटीवर तुमची माणसं बसतील का? बाहेरचा माणूस रात्री तिथे टिकणार नाही.

रापणकर
बसतील. पाळ्या आम्ही लावू. पण डिझेल कोण घालणार, ता आधी लिहून दे.