गोल्फ कार्टला लिफ्ट किट बसवल्यापासून मागची बाजू दगडासारखी कडक झालीय, काय करू?

पीचट्रीचा_सांगलीकर
नमस्कार मंडळी. आम्ही जॉर्जियात पीचट्री सिटीला राहतो, अटलांटाच्या दक्षिणेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे शंभर मैलांच्या वर कार्टचे रस्ते आहेत, झाडीतून जाणारे, आणि लोक किराणा, शाळा, तळं सगळं कार्टनेच करतात, हायस्कूलची पोरं पण कार्ट घेऊन शाळेत जातात. गोल्फ आमच्या घरात कुणी खेळत नाही.

आमची कार्ट ईझी-गो टीएक्सटी, २०१४ ची, ४८ व्होल्ट, सेकंडहँड घेतलेली, मागे उलट्या तोंडाची फ्लिप सीट आहे. मागच्या वर्षी लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या काढून लिथियम टाकली. आता दोन महिन्यांपूर्वी ६ इंचाचं लिफ्ट किट (गाडी उंच करायचे भाग) बसवून घेतलं, १२ च्या रिमवर २३ इंची टायर. दुकानवाला म्हणाला मागे सीट आहे तर हेवी ड्यूटी पाटे (मागच्या चाकांवरचे लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग) टाकूनच घ्या, म्हणून तेही घेतले. जुने पाटे तीन-तीनचे होते, नवे चार-चारचे आहेत आणि हाताला जाडपण लागतात. शॉकअप (उसळी दाबणारी नळकांडी) जुनेच ठेवलेत.

पुढची बाजू मस्त चालते. मागची मात्र विचारू नका. पाइनची मुळं डांबर खालून उचलतात ना, दर वीस-तीस फुटांवर आडवा उंचवटा, तिथे पुढची चाकं अलगद जातात आणि मागून जो दणका बसतो तो थेट मणक्यात, आणि पाठोपाठ खालून ठाक असा लोखंडी आवाज. आईबाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत, बाबा ७४ चे, मणक्याचं ऑपरेशन झालेलं, आणि त्यांना नातवासोबत मागच्याच सीटवर बसायचं असतं. परवा तळ्यावरून परत येताना ते गप्प झाले आणि सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसले, ते बघून मला फार वाईट वाटलं. किटच चुकीचं आहे का? काढून टाकू का सगळं?

कराड_गॅरेज
काढू नका. आधी बाबांना काही दिवस पुढच्या सीटवर बसवा, एवढं माझं ऐका. मागची सीट एक्सलच्याही (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) मागे लटकलेली असते, तिथे उसळी जास्तच लागते, गाडी कितीही चांगली असो.

मी गोल्फ कार्ट कधी उघडली नाही पण पाट्यांची गाडी म्हणजे पाट्यांची गाडी, जीप आणि टेम्पोवर माझी पंचवीस वर्षं गेली. रिकामा टेम्पो खड्ड्यातून कसा उडतो बघा, आणि तोच टेम्पो माल भरला की डुलत जातो. पाटा वजनासाठी बनवलेला असतो, वजन नसेल तर तो वाकतच नाही. तुम्ही पाटे वाढवले आणि वर बॅटरीचं वजन कमी केलं, दोन्ही एकाच वेळी.

पण पाटे खोलण्याआधी फुकटातली कामं करा. पहिली हवा. नवीन टायर रिमवर बसवताना हवा जास्त भरतात आणि कमी करायचं राहून जातं. गेज लावून बघा किती आहे. किती ठेवायची ते असं ठरवा, टायरवर खडूची आडवी जाड रेघ मारा आणि नेहमीचे लोक बसवून सरळ पन्नास फूट गाडी न्या. रेघ फक्त मधेच पुसली आणि कडांना तशीच राहिली तर हवा जास्त, पूर्ण रुंदीवर सारखी पुसेपर्यंत थोडी थोडी सोडत जा.

दुसरं म्हणजे शॅकलचे नट. पाट्याच्या टोकाला शॅकल, म्हणजे पाटा गाडीच्या सांगाड्याला (चेसीला) जोडणारी झुलती कडी असते, तो मागेपुढे हलला पाहिजे, कारण पाटा दबला की लांब होतो आणि ती लांबी जायला जागा तिथेच असते. पोरं एअर गनने नट पार आवळून टाकतात, शॅकल जाम, मग पाटा वाकणार कसा? आणि त्या सांध्यात रबरी बुश (रबराची नळी) असेल तर चाकं हवेत असताना नट आवळायचे नाहीत. गाडी जमिनीवर, वजन चाकांवर, मग शेवटचा आवळा. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि तोच एक जादा स्प्रिंग होऊन बसतो.

टेक्सासची_ताई
अगदी हेच आमच्याकडे झालं होतं, आमची पण टीएक्सटीच. त्या ठाक आवाजाबद्दल सांगते, तो बहुतेक शॉकअपचा आहे. लिफ्टमुळे एक्सल चेसीपासून लांब गेला आणि शॉकअप जुन्याच लांबीचे, म्हणजे गाडी उभी असतानाच ते जवळजवळ पूर्ण ताणलेले. उंचवट्यावरून चाक खाली जायला बघतं तेव्हा शॉकअप टोकाला आपटतो. कडक वाटतं त्यातलं निम्मं हेच असतं.

टेप घे आणि शॉकअपच्या वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत मोज, एकदा गाडी जमिनीवर असताना आणि एकदा मागची बाजू जॅकवर उचलून चाकं लटकलेली असताना. फरक जेमतेम अर्धा-एक इंच आला तर समज शॉकअपला खाली जायला जागाच नाही. आम्ही लांब शॉकअप टाकले, काही जण खाली ब्रॅकेट लावून जुन्यालाच जागा करून देतात.

जॅक लावशील तेव्हा पुढच्या चाकांना ओंडके लाव आणि चेसीखाली स्टँड दे, नुसत्या जॅकवर खाली शिरू नकोस. आणि आत वाकलीच आहेस (का वाकला आहेस, माफ कर) तर ब्रेकच्या केबल पण बघ. या कार्टला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, केबलवर चालणारे. एक्सल खाली गेला की केबल ताणली जाते, आमची तर एका बाजूला वायरसारखी कडक झाली होती.

पुणे_चाकण
सस्पेन्शन डिझाइनमध्ये काम करतो म्हणून थोडं आकड्यात सांगतो. लिफ्ट ब्लॉकने गाडी कडक होत नाही. ब्लॉक म्हणजे एक्सल आणि पाट्यामधला लोखंडी ठोकळा, त्याने फक्त उंची वाढते. कडकपणा ठरतो पाट्यांच्या संख्येवर आणि जाडीवर, आणि जाडीचा परिणाम घनात होतो. ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा आला तर तेवढ्याच लांबी-रुंदीला तो जवळजवळ १.६ पट कडक. त्यात तीनाचे चार झाले. म्हणजे तुमची मागची बाजू दुप्पट कडक झाली असेल तर मला नवल वाटणार नाही.

आता वजन बघा. आठ व्होल्टची एक लेड अ‍ॅसिड बॅटरी साधारण २९ किलोची, अशा सहा, म्हणजे १७४ किलो. तुमचा लिथियम पॅक ४५ च्या आसपास असेल. जवळपास १३० किलो गेले, आणि सीटखालच्या त्या वजनाचा बराच भाग मागचा एक्सलच उचलायचा. कराडवाल्यांनी सांगितलं ते अगदी बरोबर आहे.

जुने पाटे ठेवलेत का?

कराड_गॅरेज
जुने नसतील तर नव्यातला एक पाटा काढून बघता येईल, आम्ही जीपला करतो.

पुणे_चाकण
इथे मी जरा अडवतो. खालचा सगळ्यात आखूड पाटा काढला तर समजू शकतो, पण मधला काढला तर ताण एकाच जागी येतो, वरचा मुख्य पाटा तिथेच तुटू शकतो, आणि मुख्य पाटा तुटला की एक्सल जागेवर राहत नाही. शिवाय पाटा काढला की सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा) आणि यू बोल्टची (पाटे एक्सलला आवळून धरणारे) लांबी जुळत नाही. मागे उलट्या तोंडाने माणसं बसतात त्या गाडीवर हा प्रयोग नको.

कराड_गॅरेज
बरोबर आहे तुमचं, माणसं बसणार तिथे नको. जुनेच शोधा.

पीचट्रीचा_सांगलीकर
मंडळी, दोन वीकेंड गेले पण सगळं केलं.

हवा निघाली २८ पीएसआय! खडूची रेघ मारली तर मधली चार बोटं पुसली आणि दोन्ही कडा पांढऱ्याशुभ्र. सोडत सोडत १४ वर आलो तेव्हा रेघ सारखी गेली. तेवढ्यानेच बारीक खडखड थांबली, पण उंचवट्यावरचा दणका होताच.

शॉकअपमध्ये फरक आला पाऊण इंच, ताईंचा अंदाज खरा. लांब शॉकअप मागवले. ब्रेकची डावी केबल ताठ होती ती नीट वळवून घेतली. शॅकलचे नट एवढे आवळलेले की मला पान्ह्याला पाइप लावावा लागला, सुटताना कर्रकन आवाज झाला आणि मागची बाजू माझ्या डोळ्यांदेखत बोटभर खाली बसली. म्हणजे इतके दिवस जामच होते ते.

जुने पाटे गॅरेजमध्ये पोराच्या सायकलीमागे पडलेले होते. वायर ब्रशने घासले, नवे बुश टाकले, किटचा ब्लॉक तसाच ठेवून जुने पाटे लावले आणि गाडी जमिनीवर उतरवून मग नट आवळले. उंची साधारण एक इंच कमी झाली. चौघं बसवून टायर फेंडरला लागतो का बघितलं, पुरेशी जागा राहते. पण चाकणवाले, मागे दोन मोठी माणसं बसली तर चालेल का?

पुणे_चाकण
एक मोठा माणूस आणि एक मूल असेल तर निवांत. दोन भारी माणसं रोज बसणार असतील तर जुने पाटे दबतील, तेव्हा असा सेट बघा ज्यात खालचा जाड पाटा वजन आल्यावरच टेकतो, म्हणजे रिकामी असताना मऊ राहते. आणि गाडी आता मऊ आणि उंच दोन्ही आहे, वळणावर आधीपेक्षा जास्त झुकेल, तेव्हा वळताना वेग खरंच कमी ठेवा.

पीचट्रीचा_सांगलीकर
ठेवतो. शॉकअप काल आले, रात्रीच लावले. आज सकाळी तळ्यापर्यंत आधी मी आणि बायको गेलो, मागे पाण्याचे कॅन ठेवून. ठाक आवाज गेला. मग संध्याकाळी बाबांना घेतलं, पुढे बसा म्हटलं तर ऐकेनात, नातवाशेजारी मागेच बसले. मुळांचा तो सगळ्यात वाईट पट्टा आहे तळ्याच्या वळणाआधी, तिथे मी मुद्दाम वेग कमी केला आणि मागे वळून बघितलं तर बाबांचा एक हात पोराच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हाताने ते त्याला पाण्यातली बदकं दाखवत होते.

यू बोल्ट पन्नास मैलांनी परत आवळून बघणार आहे. कराडवाले, ताई, चाकणवाले, तुमचे मनापासून आभार.