'काय की' आणि 'होईल की': दोन्हीकडचा 'की' एकच का?

बेळगावहून
मुलगी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे. परवा पुण्याच्या आत्येनं फोनवर विचारलं, "पुढं काय करणार गं?" पोरगी म्हणाली, "काय की." आत्येला ते उद्धट वाटलं, "तुला काय करायचंय" अशा अर्थाचं! तेवढ्यात आतून आमच्या आईचा आवाज आला, "होईल की." एक 'की' शंकेचा, दुसरा खात्रीचा. 'काय की' म्हणजे फक्त 'कुणास ठाऊक' का? आणि हा 'की' दोन्हीकडं कसा चालतो?

खानापूरहून
अर्थ सुरावर आहे. रोहिणी संपून मृग लागला की आमचे वडील बांधावर उभे राहून घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकडं बघत बसायचे. "येतंय काय की" म्हणताना नजर ढगावरच असायची, म्हणजे विचारणं चालू. तेच "काय की बाबा" म्हटलं की मान खाली आणि पाय घराकडं. 'बाबा' लागला की विषय बंद. कोश हा फरक कुठं नोंदवणार?

शेजारच्या कन्नडची जोडी बघा: एनो म्हणजे काय की, यारो म्हणजे कोण की, एल्लो म्हणजे कुठं की. 'गोत्तिल्ल' म्हणजे सरळ 'ठाऊक नाही', ते वेगळं. 'एनो' म्हणणारा अजून शोधात असतो. कुणी कुणाकडून घेतलं यात मी पडत नाही.

निपाणीहून
'शोधात' म्हणालात म्हणून: कुतूहल आणि जिज्ञासा एकाच मापानं मोजू नयेत. 'ज्ञा' धातूला इच्छेचा प्रत्यय लागून जिज्ञासा झाली, जाणण्याची इच्छा. पिपासा, मुमुक्षा त्याच घडणीच्या. शुश्रूषासुद्धा! मुळात ऐकण्याची इच्छा, आणि आपण तिला आजाऱ्याच्या उशाशी बसवलं. (मला हे फार आवडतं. नीट ऐकल्याशिवाय सेवा कशी होणार?) जिज्ञासेला प्रश्न लागतो, कुतूहल नुसत्या आवाजानंही खिडकीशी येतं. चौकशी तिसरीच, ती बहुतेक दुसऱ्याच्या घरची असते. आत्येबाईंची होती ती चौकशी.

आणखी एक जोडी, चिंता आणि चिंतन. धातू एकच, चिंत्, विचार करणे. कन्नडमध्येही चिंते नि चिंतने शेजारी शेजारी नांदतात. रात्री दोन वाजता डोक्यात जे फिरतं ते यातलं कुठलं, हे ज्याचं त्यालाच कळतं, तेही बऱ्याचदा सकाळी.

बेळगाव, शहापूरहून
सीमाप्रश्नाचं 'होईल की' आम्ही 1956 पासून ऐकतोय. 2004 साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हाही 'होईल की'. आता नुसतं 'काय की'.

खानापूरहून
विषयावर या हो. (पण 'बाबा' लावला नाही तुम्ही, हे बघितलं.)

बेळगावहून
मूळ प्रश्न माझा. निपाणीकरांचं वाचून पोरीलाच विचारलं, तू कुठल्या अर्थानं म्हणालीस? तिचं उत्तर जसंच्या तसं: "मार्काचं भ्या नाही. मला काय पायजे त्येचाच ठाव लागंना, त्येच बघूलालोय." (पुणेकरांसाठी: 'बघूलालोय' म्हणजे बघतोय. आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो' म्हणतात. चूक नव्हे.)

'ठाव' ऐकून मी थांबलो. आम्ही 'मला काय ठाव' म्हणतो तो माहितीचा ठाव, आणि विहिरीचा ठाव म्हणजे तळ. ती दुसरा म्हणत होती. गेले चार महिने मी तिच्या 'काय की'ला 'बाबा' जोडून ऐकत होतो, म्हणजे चूक कानाची. आता जेवताना तिला "काय ठरलं?" असं विचारत नाही, "काय दिसलं?" विचारतो. परवा म्हणाली, गणित जमतं पण आवडत नाही, हे दोन वेगळे आहेत हे आत्ता कळालं.

खात्रीचा 'की' मात्र अजून सुटलेला नाही. म्हणून आईला गाठलं. सुपात तांदूळ निवडत होती.
"आई, 'होईल की' म्हणालीस. काय होईल?"
"ते काय की," म्हणाली, आणि एक खडा बाजूला टाकला.