रुग्णालयातून परतलेल्या माजी सैनिक वडिलांची काळजी

प्रश्न (अपशिंगे, सातारा): बायपोलर आजार (कधी उन्माद म्हणजे अतिउत्साह, तर कधी नैराश्य) आणि दारू यांवर महिनाभर उपचार घेऊन वडील घरी आले आहेत. मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम हे औषध सुरू आहे; तरी रात्री दोनला उठून ट्रंकेतल्या गणवेशाला इस्त्री करत बसतात. आम्ही काय करावे?

उत्तर: झोप घटणे ही उन्मादाची सुरुवात असू शकते, म्हणून आजच डॉक्टरांना कळवा. लिथियमची रक्तातील पातळी ठरल्या वेळी तपासा, कारण जुलाब-उलट्या झाल्यास किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनाने घेतल्यास ही पातळी धोकादायक वाढते. त्याच कारणाने जेवणातले मीठही एकदम तोडू नका.

दुसरे उत्तर: माझ्या थोरल्या भावाच्या गोळ्यांची डबी वहिनी सांभाळत. काकांनी पुन्हा दारू घेतली तरी त्यांना हिणवू नका, गोळ्या थांबवू नका. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड जवळ ठेवा. रात्री-अपरात्री मदत लागली तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.