‘सिलिंडर हद्दपार केला’ असे लिहिणाऱ्यांना गावभागातून उत्तर

गावभागकर

गेल्या रविवारी ‘सपाट ओटा’ या नावाने लिहिणाऱ्या सद्गृहस्थांनी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आपल्या नव्या सदनिकेच्या स्वयंपाकघराची छायाचित्रे या चर्चापानावर टाकली. विजेवर चालणाऱ्या इंडक्शनची काळी काच, तिच्यावर चार वर्तुळे, आणि ओट्याखाली सिलिंडरच्या जागी ओढायचे कप्पे. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नव्हती. परंतु त्याखाली त्यांनी असे लिहिले की, आम्ही सिलिंडर हद्दपार केला, इंडक्शन स्वस्त पडते, आणि आज नवे घर बांधून त्यात गॅसची शेगडी बसवणारा माणूस घर नवे बांधतो आणि डोके मात्र जुनेच ठेवतो. आमच्या वरच्या मजल्याचे काम सध्या चालू आहे, ओट्याचा ग्रॅनाइट परवाच बसला आहे आणि शेगडीचा निर्णय अजून व्हायचा आहे. त्यामुळे हे वाक्य मला अंमळ जास्तच लागले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेथे इशाऱ्याची खूण ४० फुटांवर आणि धोक्याची ४५ फुटांवर आहे, हे सांगलीकरांना सांगायला नको. गावभागातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर छातीइतके पाणी होते, वर अकरा माणसे होती आणि वीज पहिल्याच रात्री गेली होती. मी आणि माझ्या धाकट्या भावाने भरलेला सिलिंडर जिन्यावरून वर चढवला आणि त्या एका सिलिंडरवर सहा दिवस अकरा माणसांचा चहा, खिचडी आणि शेजारच्या बाळाचे दूध झाले. २००५ साली हेच घडले होते आणि २०२१ सालीही फार वेगळे घडले नाही. सपाट ओटा यांच्या काळ्या काचेवर त्या सहा दिवसांत काय शिजले असते, एवढेच त्यांनी सांगावे.

सपाट ओटा

गावभागकर, आपल्या अनुभवाचा मला आदर आहे. मात्र वीस वर्षांत तीनदा आलेल्या पुरासाठी उरलेल्या सगळ्या दिवसांचा स्वयंपाक ठरवायचा असेल, तर ओट्याखाली सिलिंडरच्या शेजारी एक होडीही बांधून ठेवावी, असे सुचवतो.

आमचे कारण दिखाव्याचे नव्हते, हे मी त्या दिवशी लिहायला हवे होते. माझ्या आईचे वय ७४ आहे आणि गेल्या काही वर्षांत तिला वास येईनासा झाला आहे. जुन्या घरी एकदा तिने शेगडीचे बटण फिरवले, लायटर काही पेटला नाही, तेवढ्यात दारावर भाजीवाला आला आणि ती बाहेर गेली ती तिथेच बोलत राहिली. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून आज मी हे लिहीत आहे. गॅसला मुळात वास नसतो, तो ओळखू यावा म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन घालतात. पण ज्या नाकाला तो वास कळत नाही त्या नाकासाठी ही सोय व्यर्थ आहे. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता फरशीवर साचत राहतो. इंडक्शनवरून भांडे उचलले की ते आपोआप बंद पडते. दुसरे म्हणजे, सांगलीच्या एप्रिलमध्ये पंखा बंद करून शेगडीसमोर उभे राहण्याचा अनुभव आपण स्वतः किती वेळा घेतला आहे?

हिशेबनीस, गोडोली

पूर आणि आई या दोहोंपुढे आकडे मांडणे उद्धटपणाचे वाटेल, तरी मांडतो, कारण ‘इंडक्शन स्वस्त पडते’ हे सपाट ओटा यांच्या मूळ लिखाणातले वाक्य चुकीचे आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो पूर्ण जळाला तर मिळणारी उष्णता विजेच्या मापात सुमारे १८० युनिट भरते. शेगडीची कार्यक्षमता मानकानुसार किमान ६८ टक्के असावी लागते, म्हणजे भांड्यापर्यंत साधारण १२० युनिट पोचतात. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर तेवढ्याच स्वयंपाकाला १४० ते १४५ युनिट लागतील. चौघांच्या घरात सिलिंडर दीड महिना पुरतो असे मानले, तर महिन्याच्या बिलात सुमारे ९५ युनिटांची भर पडते. येथेच खरी गोम आहे. आपल्याकडे पहिल्या १०० युनिटांपर्यंत दर सोसवतो, परंतु १०१ व्या युनिटापासून तो जवळजवळ दुप्पट होतो आणि वर १६ टक्के वीज शुल्क. दिवे, पंखे, फ्रिज आणि वॉशिंग मशिन यांनीच शंभरी गाठलेली असते, म्हणून स्वयंपाकाची सगळी युनिटे महागड्या टप्प्यात जातात आणि खर्च महिना हजार रुपयांच्या वर जातो. सिलिंडर आठशेच्या पुढे गेला असला, तरी तो दीड महिन्याचा आहे.

छतावर सौर पॅनेल असतील तर माझे म्हणणे बदलते. केंद्राच्या २०२४ सालच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देते, म्हणजे स्वयंपाकापुरती वीज त्या एकातच निघते. मात्र सदनिकेची गच्ची सर्वांची असते, आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत आपले इंडक्शन जुने झालेले असेल.

सपाट ओटा

आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो. त्याचा भाव ना सांगलीत ठरतो ना साताऱ्यात, त्यामुळे आजचा ‘स्वस्त’ उद्या किती टिकेल याची हमी हिशेबनीस देणार आहेत काय?

पाटण खोरे

आणि आपली वीज कोठून येते, सपाट ओटासाहेब? बरीचशी कोळशातून येते. उरलेल्यातली काही आमच्या कोयनेतून येते, जिथे १९६० मेगावॅटचा प्रकल्प आहे. त्या जलाशयाखाली आमच्या आजोबांची भातखाचरे गेली. आज आमच्या वाडीत वळवाचा पाऊस आला की वीज जाते ती कधी रात्रभर, तर कधी दोन दिवस येत नाही, आणि असते तेव्हा संध्याकाळी दाब इतका कमी असतो की इंडक्शन नुसते टीं-टीं करते आणि बंद पडते. मी ते विकत घेतले होते. आता त्यावर तांदळाचा डबा ठेवला आहे. कोयनेच्या विजेवर विश्रामबागेत चहा तीन मिनिटांत उकळतो याचा आनंद आहे. पण आमचे डोके जुने आहे असे कृपया म्हणू नये.

मिरजेचा वायरमन

मंडळी शेगडीवर भांडत आहेत, पण तारेविषयी कोणीच बोलत नाही. मी अठरा वर्षे हेच काम करतो. दोन हजार वॅटचे साधे इंडक्शन जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. लोक ते मिक्सरच्या सहा अँपिअरच्या पॉइंटला अडॅप्टर लावून चालवतात आणि सॉकेट काळे पडले की यंत्राला दोष देतात. दोन वर्तुळांच्या काचेसाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तार आणि २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, लागतो. चार वर्तुळांची काच सगळी एकदम चालवली तर सात हजार वॅट, म्हणजे तीस अँपिअर, आणि तिला सहाची तार लागते. वीज कंपनीकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो. अर्थिंगचे तर नावच नको. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनेला तार जोडलेलीच नसते.

सर्वांत मोठी तक्रार मॉड्युलर किचनवाल्यांविषयी आहे. ते भिंतीचा गिलावा आणि टाइल झाल्यावर येतात, चित्र दाखवतात, गिऱ्हाईक भुलते आणि मग मला बोलावले जाते. सध्या गॅस घ्या किंवा न घ्या, तार आधी टाकून घ्यावी.

तासगावची सून

एवढ्या लिखाणात भाकरीचा उल्लेख कोणीही केला नाही, यावरून येथे लिहिणाऱ्यांपैकी किती जण ओट्यापाशी उभे राहतात हे कळले.

शाळूची भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवले, उलटली, की तिसऱ्या खेपेला तिला ज्योत लागते. तेव्हा ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. काचेवर ज्योत कोठून आणणार? आमचा लोखंडी तवा खोलगट आहे, तो काचेवर नीट बसत नाही; बसला तरी मधे वर्तुळाएवढा तापतो, त्यामुळे भाकरीला मध्यभागी डाग पडतात आणि कडा कच्च्या राहतात. फोडणीचे कढले तर त्या यंत्राला दिसतच नाही, कारण त्याचे बूड लहान असते. सासूबाईंची पितळेची कल्हईची पातेली त्याला चालत नाहीत. कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत राहिले बाजूलाच. आमच्या नणंदबाईंनी हौसेने इंडक्शन बसवले आणि आता भरतासाठी त्या वांगी घेऊन माझ्याकडे येतात.

शाहूपुरी, सातारा

ताई, मी चार वर्षे इंडक्शनवर भाकरी करते. बिडाचा सपाट तवा घ्यावा, तो आधी मध्यम आचेवर पाच मिनिटे तापू द्यावा म्हणजे उष्णता कडेपर्यंत पसरते, आणि उलटल्यावर सुती फडक्याने कडा दाबत भाकरी फिरवावी. ती फुगते. तरीही फुगत नसेल, तर पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. अशा जुन्या पिठाला उकळते आधण घालून ते मळावे. दोष नेहमी शेगडीचाच असतो असे नाही.

तासगावची सून

माझ्या पिठाची विरी काढण्यापूर्वी आपण एकदा घरी येऊन जावे. शाळू आमच्या स्वतःच्या रानातला आहे, दळण दर आठ दिवसांनी होते आणि माझ्या हातची भाकरी पंचवीस वर्षांत कधी चिरलेली नाही. साताऱ्याच्या शहरी भागात राहून शाळूविषयी शिकवणे सोपे असते.

शाहूपुरी, सातारा

माझे माहेर खटाव तालुक्यातले आहे आणि वयाच्या नवव्या वर्षी मी चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. धुराने डोळे चुरचुरायचे ते आजही आठवते. म्हणूनच मला ज्योतीचे प्रेम नाही.

मास्तर, विटा

चुलीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्याकडे १९८१ साली गॅस आला. त्यासाठी नंबर लावून कित्येक वर्षे वाट पाहावी लागली होती. पहिल्या दिवशी आजीने गॅसवरची भाकरी ताटातून बाजूला सारली आणि म्हणाली की हिला आहाराचा, म्हणजे निखाऱ्यांचा, वास नाही. चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्याच्या धगीला उभी करून शेकलेली भाकरी हीच तिच्या मते भाकरी होती. तिने पुढे दोन वर्षे परसातली चूल विझू दिली नाही. तेव्हा सूनबाई, आपण ज्या ज्योतीची बाजू घेत आहात ती आमच्या आजीच्या लेखी थेरच होती. मी स्वतः मात्र गॅसच्याच बाजूचा आहे, कारण इंडक्शनवरची बटणे मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत.

हिशेबनीस, गोडोली

चर्चा नव्या स्वयंपाकघराची होती. आता ती पिठाच्या विरीवर आली आहे.

तासगावची सून

स्वयंपाकघरात पीठच असते, हिशेबाची वही नसते. मास्तर, आपल्या आजींविषयी आदर आहे. पण त्या दोन वर्षांत परसातल्या चुलीला लाकडे कोण आणून देत होते आणि राख कोण काढत होते, तेही लिहावे.

मास्तर, विटा

आई. हा मुद्दा मला मान्य करावा लागेल.

शाहूपुरी, सातारा

ताई, या एका वाक्यासाठी मी विरीचे शब्द मागे घेते. भरताच्या बाबतीतही आपले खरे आहे. ओव्हनमध्ये वांगे भाजले तर ते शिजते, पण त्याला धुरकट चव येत नाही. मी भरीत करणे सोडले आहे, आणि हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

गावभागकर

सपाट ओटा यांच्या आईंची हकिकत वाचल्यापासून माझा आवाज थोडा खाली आला आहे, हे कबूल करतो. डोके जुने असल्याचा शेरा त्यांनी मागे घेतला तर मीही होडीविषयी काही बोलणार नाही. आमच्याकडे वडील ८१ वर्षांचे आहेत आणि दुपारी चहा स्वतः करून घेण्याचा त्यांचा हट्ट असतो. त्यांच्यासाठी एक वर्तुळाचे इंडक्शन कोपऱ्यात असावे, असे आता वाटते. शेगडी मात्र दोन बर्नरची राहील आणि सिलिंडर वरच्या मजल्यावर राहील.

सपाट ओटा

शेरा मागे घेतो, अर्ध्या मनाने. उरलेले अर्धे मन असे सांगते की मीही पूर्ण खरे लिहिले नव्हते. आमच्या माळ्यावर पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी आहे. पत्नीने ती भरीत आणि पापड यांच्यासाठी ठेवून घेतली. छायाचित्र काढताना ती दिसू नये याची मी काळजी घेतली होती. भाकरी आम्ही कोपऱ्यावरच्या मावशींकडून आणतो. त्या गॅसवर करतात.

पाटण खोरे

म्हणजे हद्दपार केलेला सिलिंडर माळ्यावर लपून बसला आहे तर.

मिरजेचा वायरमन

गावभागकर साहेब, इंडक्शन एकच असले तरी त्याला सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि अडीचची तार लागेल. ओट्यामागच्या भिंतीचा गिलावा झाला आहे का?

गावभागकर

गिलावा झाला, टाइल बसली, आणि टाइलचा रंग सौभाग्यवतींनी तीन दुकाने फिरून पसंत केला आहे.

मिरजेचा वायरमन

चार टाइल काढाव्या लागतील. मी गुरुवारी येतो. घरात तेवढे आपण आधी सांगून ठेवावे.